मोटारसायकलवर मार्गदर्शक यंत्राची घरगुती बैठक

हल्ली बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी मोटारसायकल आहे व खिशात मोबाईलही आहे. परजिल्ह्यातील रोपवाटिका, बैलबाजार किंवा अनोळखी गावचा अडत्या शोधावयाचा झाल्यास मोबाईलमधील जीपीएस वाट दाखवितो. परंतु एका हाताने गाडी हाकीत दुसऱ्या हातात यंत्र धरणे म्हणजे जिवाशी खेळ होय. मोटार वाहन नियमांत सन २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनेही केवळ मार्ग पाहण्यापुरतीच व तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच मुभा दिलेली आहे. सबब यंत्र हातात न धरता हॅण्डलवर पक्के बसविणे हाच योग्य मार्ग. अशी बैठक घरच्या टाकाऊ सामानातून कशी करावी, हे येथे सांगण्याचे योजिले आहे.

साहित्य : पाण्याच्या ४ इंची जाड पी.व्ही.सी. नळीचा सुमारे १ फूट लांबीचा तुकडा, पंपाच्या नळीस लावतात तशा आट्यांच्या दोन पोलादी क्लिपा, सायकलची व मोटारसायकलची जुनी ट्यूब, मजबूत दोरी, करवत, कानस व छिद्र पाडण्याचे यंत्र.

कृती : प्रथम नळी उभी चिरावी. पसरट भांड्यात पाणी उकळून त्यात ती तीन-चार मिनिटे बुडवावी म्हणजे ती मऊ पडते. हातास जाड फडके गुंडाळून ती बाहेर काढावी, दोन फळ्यांमध्ये दाबावी व निवेपर्यंत वर दगड ठेवावा. सपाट पत्रा तयार होतो. नळी जाळावर कधीही धरू नये, पी.व्ही.सी. जळल्यास निघणारा धूर छातीस व डोळ्यांस अपायकारक असतो.

या पत्र्यातून ४ इंच रुंद व सुमारे १० इंच लांब तुकडा कापावा. वरच्या पावणेसात इंचांवर मोबाईल टेकावयाचा आहे. खालच्या सव्वातीन इंचांत मधोमध २ इंच रुंदीची जीभ ठेवावी. जिभेच्या दोन्ही बाजूंस एकेक इंच रुंदीची जी पट्टी उरते, ती पाऊण इंच लांब ठेवून बाकीची कापून टाकावी. हे दोन कान गरम पाण्याने मऊ करून पुढे वळविले म्हणजे मोबाईलला खालून आधार मिळतो. जीभ मऊ करून हॅण्डलच्या जाडीच्या लोखंडी नळीवर, मध्ये सायकलच्या ट्यूबचे दोन वेढे ठेवून, वळवावी. पुष्कळ गाड्यांच्या हॅण्डलची जाडी मुठीजवळ २२ मि.मी. असते व काहींची मध्यभागी अधिक असते. म्हणून आधी मोजूनच वळवावी.

येथे माझी स्वतःची चूक सांगणे अवश्य आहे. पहिल्या खेपेस मी जीभ व कान यांमधील चिरेचा शेवट करवतीने काटकोनात सोडला. गाडी नित्य हादरत असल्याने महिन्याभरात त्याच कोपऱ्यातून तडा गेला व एके दिवशी भर रस्त्यात बैठक मोडून मोबाईल खडीवर पडला. धारदार कोपऱ्यावर सारा ताण एकवटतो, हे तेव्हा कळले. दुसऱ्या खेपेस चिरेच्या शेवटी आधी ५ मि.मी.चे गोल छिद्र पाडले व तेथपर्यंतच कापले. सर्व कडा कानशीने गोल केल्या. ही बैठक आजवर टिकली आहे.

आता हॅण्डलवर ट्यूबचे दोन वेढे देऊन त्यावर जीभ बसवावी व दोन्ही क्लिपा आवळाव्या. पत्र्यावर मोबाईलच्या मागे ट्यूबच्या रबराचे दोन थर चिकटवावे. मोटारसायकलच्या ट्यूबच्या अर्धा इंच रुंदीच्या दोन आडव्या चकत्या कापून एक वर व एक खाली, कळ दाबली जाणार नाही अशी चढवावी. शिवाय मोबाईलच्या कव्हरास दोरी ओवून ती हॅण्डलला बांधावी. रबर तुटले तरी दोरी यंत्र वाचविते.

परीक्षा : मोबाईल लगेच लावू नये. २०० ग्रॅम वाळूची पुरचुंडी बांधून खडबडीत वाटेने आठ-दहा किलोमीटर जाऊन यावे, मग क्लिपा व कोपरे तपासावे. हॅण्डल दोन्हीकडे पुरते वळवून क्लचची, ब्रेकची किंवा वेगाची तार अडकत नाही व दिवे झाकले जात नाहीत, हेही पाहावे. उन्हाने पी.व्ही.सी. ठिसूळ होते, म्हणून दरवर्षी पाहणी करून शंका येताच नवी करावी.

सावधगिरी : जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात व स्थान ठरविण्यास निदान चार उपग्रहांचा संदेश मिळावा लागतो. हा संदेश फार क्षीण असल्याने यंत्रावर पत्र्याचे झाकण घालू नये. पावसात पारदर्शक प्लास्टिकची पिशवी पुरे. दुसरे असे की, मोबाईलच्या कॅमेऱ्यातील स्थिरता राखणारा नाजूक भाग इंजिनाच्या सततच्या थरथरीने बिघडू शकतो. ॲपल कंपनीनेच सन २०२१ मध्ये तसा इशारा दिला होता. आपणांस हा धोका लहान नव्हे. सन २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर छायाचित्रासह करावयाची पद्धत आपल्या राज्यात सुरू झाली. कॅमेरा अंधुक झाला तर ऐन हंगामात खोळंबा व्हावयाचा. म्हणून शक्य तर वाट पाहण्यासाठी घरातील जुना मोबाईल वापरावा, व वाट माहीत झाली की तो खिशात ठेवावा.

शेवटी एक गोष्ट. वाट दाखविणारे हेच यंत्र बांधावर नेऊन हद्द मोजण्याचा मोह काहींस होतो. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाईलच्या स्थानात सुमारे ५ मीटरची चूक संभवते. ३३ फुटांची साखळी म्हणजे सुमारे १० मीटर व ३३ फूट चौरस म्हणजे एक गुंठा. अर्थात ही चूक अर्ध्या साखळीची झाली! महसूल खात्यात नोकरी केली असल्याने हातभर बांधापायी सख्खे भाऊ वैरी झालेले मी पाहिले आहेत. रस्त्यावर ५ मीटरची चूक म्हणजे काहीच नव्हे, बांधावर मात्र ती वंशपरंपरेचे भांडण ठरेल. हद्दीचा प्रश्न असल्यास भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करावा; मोबाईलने केवळ गावचा रस्ता विचारावा.

वाचकांपैकी कोणी याहून सोयीची रचना केली असल्यास ती मापांसह मासिकाकडे अवश्य कळवावी.