जागच्या जागी

(एकाच खोलीत अनेकजण काम करतात, तेव्हा वस्तू कुठे व कशी ठेवावी, हा प्रश्न सर्वांचाच असतो. कल्याणमधील दोन पाळ्यांच्या मुलांनी आपली कार्यानुभवाची खोली कशी मांडली, ते लेखकाने या पाठात सांगितले आहे.)

२००५ साली मी कल्याणमधील एका शाळेत आठवीत शिकत होतो. आमच्या इमारतीत सकाळी उर्दू माध्यमाची शाळा भरे आणि दुपारी मराठी माध्यमाची. वर्ग वेगळे, शिक्षक वेगळे. परंतु कार्यानुभवाची खोली मात्र एकच होती. त्या खोलीत आम्ही पुठ्ठ्याच्या वस्तू करत असू, शाडूची खेळणी बनवत असू, शिवणकाम व थोडेफार सुतारकामही शिकत असू.

खोलीत सामान पुष्कळ होते, पण ते कुणालाच सापडत नसे. सुया खिळ्यांच्या डब्यात आणि खिळे रंगांच्या खोक्यात, असा सारा प्रकार. नोंदवहीत १२ कात्र्यांची नोंद होती. प्रत्यक्षात ५ उरल्या होत्या. एके दिवशी फळ्यावर मराठीत लिहिलेले दिसले, "आमच्या कात्र्या परत करा." आम्हांला राग आला. आम्ही त्याखाली उर्दूत लिहिले, "कात्र्या तुम्हीच नेल्या." आम्ही सकाळी जात असू आणि ती मुले दुपारी येत. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेही नव्हते. तरी एकमेकांवर चोरीचा आळ घेत होतो.

२६ जुलै २००५ चा तो मंगळवार ठाणे जिल्ह्यातील लोक अजून विसरलेले नाहीत. मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इकडे उल्हास आणि वालधुनी या नद्यांना पूर आला. कल्याणच्या सखल भागांत पाणी शिरले. आमच्या तळमजल्यावरील कार्यानुभवाच्या खोलीतही गुडघाभर पाणी भरले.

पाणी ओसरल्यावर एका रविवारी दोन्ही पाळ्यांची मुले खोली साफ करायला जमली. कागद व पुठ्ठे यांचा लगदा झाला होता. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पिशवीचा तर दगडच झाला होता. सर म्हणाले, "जिप्सम नावाचे खनिज तापवून त्यातले बरेचसे पाणी काढून टाकतात, तेव्हा ही भुकटी तयार होते. पाणी मिळाले की ती पुन्हा घट्ट होते. म्हणून ती नेहमी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी."

आम्ही एकेक खोके उचलू लागलो. खोक्यांच्या ढिगाखाली ५ कात्र्या निघाल्या. एक कपाटामागे सापडली. शेवटची शाडूच्या पिंपाच्या तळाशी होती. सगळ्या गंजलेल्या होत्या, पण १२ च्या १२ खोलीतच होत्या! कुणीही चोर नव्हते. आम्ही सर्वांनी माना खाली घातल्या. मग समोरचा एक मुलगा हसला आणि म्हणाला, "फळा पुसून टाकू या का?"

माझे अब्बा सुतारकाम करत. सरांनी त्यांना बोलावले. दुपारच्या पाळीच्या बाई म्हणाल्या, "मिस्त्री, आम्हांला एक मोठे कपाट बनवून द्या. सगळे त्यात कोंबून ठेवू."

अब्बा म्हणाले, "बाई, कोंबून ठेवलेली वस्तू हरवल्यासारखीच असते. आधी मुलांना विचारू, कोणती वस्तू रोज लागते आणि कोणती वर्षातून एकदा."

आम्ही सामानाचे तीन ढीग केले. रोज लागणारे, कधीतरी लागणारे आणि कधीच न लागणारे. तिसरा ढीग सर्वांत मोठा होता! तो खोलीबाहेर गेला, तेव्हा निम्मी खोली मोकळी झाली.

मग जागा ठरवायची होती. रोजच्या वस्तू कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर, कधीतरी लागणाऱ्या हलक्या वस्तू वर आणि जड वस्तू खाली, असा अब्बांचा नियम होता. तेवढ्यात दुपारच्या पाळीतील एका मुलीने भिंतीकडे बोट दाखवले. पुराच्या पाण्याची मळकट रेघ तिथे स्पष्ट दिसत होती. ती म्हणाली, "काका, खाली ठेवलेले पुन्हा भिजेल."

अब्बांनी तिला शाबासकी दिली. मग असे ठरले, की त्या रेघेखाली फक्त पाण्याने न बिघडणाऱ्या वस्तू ठेवायच्या. झाकणाचे शाडूचे पिंप, बादल्या आणि घमेली खाली गेली. कागद, कापड आणि अवजारे रेघेच्या वर गेली. प्लायवुड पाण्याने फुगते, म्हणून मांडणी लोखंडी घेतली. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, म्हणून ती भिंतीपासून थोडी पुढे सरकवली. खिळे, बटणे व मणी यांसाठी मुलांनी घरून पारदर्शक बरण्या आणल्या. आत काय आहे ते बाहेरून दिसले, म्हणजे कुणी उगाच शोधाशोध करत नाही. धारदार पाती मात्र कुलपात गेली. त्याची किल्ली सर आणि बाई यांच्याकडेच राहिली.

अवजारांसाठी जुन्या बाकांची एक फळी भिंतीवर बसवली. अब्बांनी प्रत्येक अवजार फळीवर टांगून त्याच्याभोवती रंगाने रेघ ओढली. हातोडी काढली, की फळीवर हातोडीचा आकार रिकामा दिसे. काय परत आलेले नाही, ते एका नजरेत कळे. पुढे मी वाचले, की अमेरिकेतील प्रसिद्ध पाककला-लेखिका ज्यूलिया चाइल्ड यांच्या स्वयंपाकघरातही त्यांच्या पतीने भांड्यांचे आकार असेच भिंतीवरील फळ्यांवर रेखाटले होते. ते स्वयंपाकघर आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

चिठ्ठ्या कोणत्या भाषेत लावाव्यात, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी दोन्ही भाषांत लावल्या. आम्ही 'कैंची' लिहिले, त्यांनी 'कात्री'. आमची 'आरी' ती त्यांची 'करवत'; आमचा 'गोंद' तो त्यांचा 'डिंक'. 'सुई' आणि 'रंग' यांपाशी आल्यावर सगळेच हसले. लिपी दोन होत्या, पण शब्द एकच होता.

जपानमधील कारखान्यांत कामाची जागा नीट ठेवण्यासाठी पाच पायऱ्या सांगितल्या जातात. नको ते वेगळे काढणे, हवे ते जागेवर लावणे, स्वच्छ करणे, सर्वांसाठी एक पद्धत ठरवणे आणि ती सवय अंगी बाणवणे. आम्हांला तेव्हा हे ठाऊक नव्हते. पहिल्या चार पायऱ्या आम्ही दोन रविवारांत चढलो. पाचवीला मात्र वर्ष लागले.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे मुले हातांनी काम करत शिकतात. २००२ साली तेथे फॅब लॅब नावाची आधुनिक कार्यशाळाही सुरू झाली. २०१६ पासून देशातील अनेक शाळांत अटल टिंकरिंग लॅब उघडल्या आहेत. यंत्रे नवी आली, तरी जिथे अनेक हात एकच अवजार वापरतात, तिथे जुना नियम सुटत नाही. आपण वस्तू जागेवर ठेवतो ती स्वतःसाठी नव्हे, तर आपल्यानंतर येणाऱ्यासाठी.

त्यानंतर एके दिवशी आम्ही खोलीत आलो, तेव्हा फळीवर एका कात्रीची जागा रिकामी होती. पूर्वी असते, तर आम्ही लगेच भांडलो असतो. त्या रिकाम्या आकारावर एक चिठ्ठी लावलेली होती. वाकड्यातिकड्या उर्दू अक्षरांत तिच्यावर लिहिले होते, "कात्री धार लावायला दिली आहे. मंगळवारी येईल."

ती अक्षरे आमच्यापैकी कुणाचीच नव्हती.

शब्दार्थ
आळ घेणे – खोटा आरोप करणे
सखल – खोलगट, खालच्या पातळीवरील
ओसरणे – कमी होणे
मांडणी – वस्तू ठेवण्याची फळ्यांची चौकट
ओल – दमटपणा
अंगी बाणवणे – सवय लावून घेणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नोंदवहीत किती कात्र्यांची नोंद होती?
(आ) उरलेल्या कात्र्या कुठे कुठे सापडल्या?
(इ) विज्ञान आश्रम कोणी व कधी सुरू केला?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पिशवीचा दगड झाला.
(आ) शाडूचे पिंप रेघेखाली ठेवले.
(इ) अवजारांभोवती रंगाने रेघ ओढली.

प्रश्न ३. शेवटची चिठ्ठी कोणी लिहिली असेल? तुम्हांला असे का वाटते?

प्रश्न ४. वाक्यात उपयोग करा : आळ घेणे, मान खाली घालणे, अंगी बाणवणे.

उपक्रम : मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत सारखे असलेले दहा शब्द शोधा. आपल्या वर्गातील कपाटासाठी दोन्ही भाषांत चिठ्ठ्या तयार करा.