कुंडीला पाणी आतून लागतं

फुटक्या टाइल, कपबश्या, बांगड्या लावून मढवलेली कुंडी पहिल्या वर्षी फार देखणी दिसते. दुसऱ्या वर्षी तिचे दात पडायला लागतात. फटींतून पांढरा खार फुटतो, नखाने उचकलं तरी तुकडा हातात येतो आणि आपण म्हणतो, पाऊस बाधला. पण मंचरला आमच्या ओट्यावर पत्र्याखाली ठेवलेल्या, पावसाचा थेंबही न बघितलेल्या कुंड्यांचेच तुकडे आधी सुटले. अंगणात चार महिने भिजणाऱ्या त्या मानाने टिकल्या.

गच्चीच्या गळतीसाठी आलेल्या गवंड्याने ओट्यावरची एक कुंडी उचलली, बुडाशी अंगठा फिरवला आणि म्हणाला, "वहिनी, गच्चीला पाणी वरून लागतं, कुंडीला आतून. तुम्ही छत्री उलट्या बाजूने धरलीये."

गोष्ट एवढीच आहे. ओट्यावरच्या कुंड्या मातीच्या होत्या आणि त्यांना रोज पाणी होतं. भाजलेली माती पाणी पिते, ते भिंतीतून बाहेर झिरपतं. साध्या कुंडीत ते वाऱ्यावर उडून जातं, म्हणून तर तिच्यातली मुळं गार राहतात. आपण मात्र बाहेरून चकचकीत टाइल लावून त्याची वाट बंद करतो. अडलेलं पाणी खतातले, सिमेंटमधले क्षार घेऊन तुकड्यामागे साठतं, सुकताना त्याचे खडे होतात आणि ते तुकडा पुढे ढकलतात. भिंतीला लोणा लागून गिलावा सुटतो, तोच हा प्रकार. त्यात तुकडे सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवलेले असले तर बघायलाच नको, तो गोंद ओलाव्याने पुन्हा मऊ होतो. अंगणातल्या कुंड्या जुन्या, घट्ट सिमेंटच्या होत्या आणि आतून रंगवलेल्या होत्या, म्हणून वाचल्या.

तेव्हा आधी आतली बाजू. सिमेंटमध्ये कालवून लावायचं वॉटरप्रूफिंग मिळतं. कुंडी ओली करून त्याचे दोन हात द्यायचे, पहिला आडवा, दुसरा उभा. बुडाच्या भोकाची कड सोडायची नाही, पाणी शिरतं ते तिथूनच. याहून सोपा आणि मला जास्त पटलेला उपाय म्हणजे मढवलेल्या कुंडीत माती भरायचीच नाही. रोप नर्सरीच्या प्लास्टिकच्या कुंडीतच ठेवायचं आणि ती विटेच्या दोन तुकड्यांवर आत उतरवायची. शेवंतीचा बहर संपला की ती काढून दुसरं रोप ठेवता येतं.

कुंडीसाठी काय घ्यावं, यात लोक फार फसतात. रंगाची रिकामी बादली फुकट मिळते, पण गुळगुळीत प्लास्टिक सिमेंटला धरून ठेवत नाही, शिवाय उन्हात फुगतं आणि रात्री आकसतं. बादलीच वापरायची तर तिला बाहेरून कोंबडीजाळी घट्ट आवळून त्यावर इंचभर माल चढवावा, म्हणजे बादली नुसता साचा उरते. पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा आतून गंजतो. टायर तर विसराच, रबर हललं की तुकडे उडतात. फुटक्या कडेची सिमेंटची कुंडी भंगारात दिसली तर ती आधी उचला.

टाइल मागायला दुकानात जायची गरज नाही. पुणे-नाशिक रस्त्याच्या आसपास सतत कुणाचं तरी घर उभं राहत असतं आणि राडारोड्यात कातरलेल्या पट्ट्या पडलेल्या असतात. मात्र सगळी टाइल सारखी नसते. तुकडा उलटा करून पाठीवर पाण्याचा थेंब टाका. झटकन शोषला गेला तर ती भिंतीची सिरॅमिक टाइल. तिच्यात वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी मुरतं, म्हणून ती आधी भिजवून घ्यायची, नाहीतर मालातलं पाणी ओढून माल कोरडा पाडते. थेंब तसाच उभा राहिला तर ती व्हिट्रिफाइड. तिची शोषण्याची ताकद अर्ध्या टक्क्यापर्यंतच. तिला साधं सिमेंट धरत नाही, पिशवीतलं टाइल अॅडेसिव्हच लागतं. आरशाचे तुकडे सिमेंटमध्ये बसवले की पाठीचा मुलामा काळा पडतो. लग्नातल्या बांगड्यांचे तुकडे मला फार आवडतात, पण ते मालात पुरते दाबायचे. कडेवर ठेवले तर पाणी घालताना मनगट कापतं.

लावण्याची रीत आपल्या गवंड्यांना पाठ आहे. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर चायना मोझॅक आहे ना, तेच हे काम. तिथे गवंडी तुकडा नुसता ठेवत नाही, लाकडी थापीने एवढा ठोकतो की फटींतून सिमेंटचं पाणी वर येतं. मग लाकडाच्या भुश्याने वरचं पुसून घेतो. कुंडीच्या उभ्या अंगावर इतकं ठोकता येत नाही, पण प्रत्येक तुकडा जरा फिरवत, माल कडेने डोकावेपर्यंत दाबता येतो. पोकळ बसलेला तुकडा वाळल्यावर नाण्याने वाजवला की बद्द आवाज येतो. तो तेव्हाच काढा. फटी दोन-तीन मिलिमीटरच्या ठेवा, दुसऱ्या दिवशी त्या भरा आणि आठवडाभर ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा. हे काम दिवाळी ते होळीच्या दरम्यानच करावं. एप्रिल-मेच्या उन्हात माल घट्ट होण्याआधीच वाळून जातो.

चंदीगडला नेकचंद सैनींनी रॉक गार्डन उभं केलं, ते असल्याच टाकाऊ मालातून. रस्त्यांवर देखरेख करणारा हा सरकारी माणूस १९५७ पासून नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांचा राडा गोळा करून गुपचूप काम करत होता. १९७६ मध्ये बाग लोकांना खुली झाली. तिथल्या कपबश्यांच्या, बांगड्यांच्या पुतळ्यांचं कौतुक होतं, पण ते उभे आहेत आतल्या सिमेंटच्या गाभ्यावर.

एका बाबतीत मात्र कुणाचंही ऐकू नका. परसात पडलेल्या जुन्या सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे छान राखाडी दिसतात म्हणून फोडायला घेऊ नका. त्यात अॅस्बेस्टॉस असतं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, फुप्फुसात गेले की तिथेच राहतात आणि आजार कित्येक वर्षांनी वर येतो. टाइल ग्राइंडरवर कोरडी कापली की उडणारी धूळही तितकीशी निरुपद्रवी नाही, पाणी सोडत कापा. हातोडीने फोडायची तर गोणपाटात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून फोडा. ओल्या सिमेंटने बोटांची सालटी निघतात, रबरी हातमोजे स्वस्त असतात.

नव्या सिमेंटचा त्रास झाडालाही होतो. मातीत चुना उतरतो, मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आपण खत घालत बसतो, पण लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नसतं. सरळ त्या कुंडीत माती भरणार असाल तर भोकाला बूच लावून ती पाण्याने भरा, दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, आणि असं निदान दोन आठवडे करा. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटी पावसाचं.

राहिलं वजन. घनफूटभर ओली माती ४५-५० किलो भरते, वर सिमेंट आणि टाइल वेगळी. गॅलरीत अशा कुंड्या भिंतीला चिकटून ठेवाव्यात, खाली विटेचे तुकडे देऊन, म्हणजे भोक मोकळं राहतं आणि फरशीवर डाग पडत नाही. कठड्यावर मात्र एकही नको, खाली पोरं खेळतात.