धूर नव्हता हो, निस्ता इस्तू होता

मागच्या पौषातली गोष्ट. रात्री साडेदहाला दवाखान्याचं शटर ओढणार, तेवढ्यात ऑटो येऊन थांबला. आधी उतरली ती आई, तिचे पाय लटपटत होते. मागून बारा दिवसांची बाळंतीण लेक, दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलेलं. बाळ मावशीच्या मांडीवर, सुस्त, संध्याकाळपासून अंगावर ओढलेलं नाही. लेकीला दोनदा उलटी झाली होती. गावात कुणीतरी ॲसिडिटीचं इंजेक्शन टोचलं होतं, बोटाला मशीन लावून "ऑक्सिजन ९८, ठणठणीत आहे, बाळंतवारा असेल" असं सांगून पैसे घेतले होते.

मला खटकलं ते वेगळंच. लेक म्हणाली, "ऑटोत बसल्यावर जरा बरं वाटायलंय." बाहेर एवढी थंडी, वाऱ्यात उघड्या ऑटोतून दहा किलोमीटर यायचं आणि ओल्या बाळंतिणीला बरं वाटायचं? मी विचारलं, घरात आणखी कुणाला त्रास आहे का? "लहानीचं बी डोकं दुखायलंय, ती घरीच झोपली." मग विचारलं, शेगडी पेटवलीय का?

"बाजेखाली हाये की. पण धूर नव्हता हो साहेब, निस्ता इस्तू होता."

हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. आधी त्या मावशीच्या फोनवरून घरी फोन लावला आणि शेजाऱ्याला म्हटलं, दार मोडा हवं तर, पण त्या पोरीला अंगणात आणा. मग तिघांना ऑक्सिजन लावून परभणीला पाठवलं. वाचले सगळे. दोन तास उशीर झाला असता, तर हे सदर मी वेगळ्या सुरात लिहिलं असतं.

म्हणून आज एवढंच डोक्यात घालायचंय: धूर दिसत नाही म्हणजे विस्तव निर्धोक, हा समज साफ खोटा आहे. धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला काढतो, माणसाला घराबाहेर हाकलतो. तो त्रास देतो, पण सावधही करतो. लालबुंद निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड तसा नाही. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांत झोंबतही नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटीनं घट्ट धरून बसतं. छाती वरखाली होत राहते, हवा आत जाते, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोचत नाही. माणसाला आधी झोप आल्यासारखं वाटतं. बाळंतीण झोपली, बरं झालं, बिचारीला आराम, असं म्हणून घरचे दार आणखी घट्ट लावतात.

आणि ते बोटाचं मशीन. कोरोनात घरोघरी आलं, तेव्हापासून त्याचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झालाय. ते मशीन रक्ताचा लालपणा बघतं. कार्बन मोनॉक्साइड बसलेलं रक्तही त्याला लालच दिसतं, म्हणून ते खुशाल ९८ दाखवतं आणि समोरचा माणूस गुदमरत असतो. बंद खोलीत विस्तव होता आणि डोकं दुखतंय, एवढं कळलं की तो आकडा विसरा.

खुणा लक्षात ठेवा. डोकं जड, गरगरणं, मळमळ, पायात बळ नाही. मुख्य म्हणजे एकाच घरात एकाच वेळी दोघातिघांना तेच होणं, आणि बाहेरच्या हवेत बरं वाटणं. ॲसिडिटी अख्ख्या घराला एकदम होत नाही. बाधाही होत नाही. कुणी बरळू लागला, छातीत दुखू लागलं, शुद्ध हरपली, किंवा बाई गरोदर असेल तर पाच मिनिटंही थांबू नका. गरोदर बाईला नुसतं डोकं दुखतंय, इतकंच असलं तरी पोटातल्या जिवाला तिच्यापेक्षा जास्त धोका असतो. आधी माणूस मोकळ्या हवेत काढा, मग दारं-खिडक्या उघडा, मग १०८ ला फोन करा. कांदा हुंगवत, चप्पल नाकाला लावत बसू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात लिंबूपाणी तर मुळीच घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. यावर औषध एकच, भरपूर ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात निम्मा होतो. सकाळी बरं वाटलं म्हणून परस्पर घरी जाऊ नका. काही जणांना आठवडा-दोन आठवड्यांनी विसरभोळेपणा, चिडचिड, चालीत फरक असं दिसू लागतं. तेव्हा ही रात्र आठवून डॉक्टरला सांगा.

मोबाईलवर एक उपाय फिरतो, शेगडीजवळ पाण्याची बादली ठेवा, वायू त्यात विरघळतो. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. बादलीनं फक्त फरशी ओली होते. तोंडाला ओला रुमाल बांधूनही तो अडत नाही. दुसरा उपाय गुळाचा. धुरात काम केलं की गूळ खा, फुप्फुस धुऊन निघतं म्हणे. अहो, गूळ पोटात जातो! फुप्फुसात गेलाच, तर त्याला ठसका लागणं म्हणतात. आणि ज्यांना खरंच धाप लागते ते मृगाला मानवत रोड स्टेशनवरून गाडी धरून हैदराबादला जातात आणि जिवंत माशातून औषध गिळून येतात. आठवडाभरानं माझ्याच बाकड्यावर बसतात, तिकिटाचे पैसे मात्र आधीच संपलेले.

आता धुराबद्दलही दोन शब्द, नाहीतर कुणी म्हणेल की डॉक्टरच म्हणाले धूर चांगला. धूर चांगला नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पीटर बार्न्स यांच्यासोबत मांडलं की कधीही बिडी-सिगारेट न ओढलेल्यांमध्येही फुप्फुसं निकामी करणारा सीओपीडी मोठ्या प्रमाणात आढळतो आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा फार मोठा आहे. माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या बायका छातीवर हात ठेवून म्हणतात, "साहेब, मी कधी बिडीला हात लावला नाही." बिडी नाही ओढली, पण रोज सकाळ-संध्याकाळ फुंकणी धरली ना? महिनोन्‌महिने सकाळचा खोकला, पाण्याची घागर आणताना मध्ये दोनदा थांबावं लागणं, पावलांवर सूज, हे "वय झालं" म्हणून सोडू नका. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकी तपासा, क्षयाची शंका आधी दूर करा. पंपाची सवय लागते म्हणून पंप टाळायचा आणि कुणाकडून तरी "आयुर्वेदिक" पांढरी पुडी आणायची, हा उद्योग थांबवा. दोन दिवसांत जादू करणाऱ्या पुडीत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. चेहरा फुगतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मग तुम्ही म्हणता, डॉक्टरचं औषध गरम पडतं.

उज्ज्वला योजना २०१६ च्या मे महिन्यात आली, गावोगावी सिलिंडर पोचला, हे चांगलं झालं. पण पाहुण्यांचा चहा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण चुलीवर, हे मी घरोघर बघतो. सिलिंडरचा भाव मलाही माहीत आहे. चूल सोडा, असं सांगून मी मोकळा होणार नाही. चूल पेटणारच असेल, तर ती नीट पेटवा.

सरपणापासून सुरू करू. आपला मुलूख कापसाचा, मानवतच्या बाजारात गाड्या लागतात त्या कापसाच्या, आणि घराच्या मागे रचलेल्या असतात पऱ्हाट्या. पऱ्हाटी बारीक, फेब्रुवारी-मार्चात उपटून उन्हात उभी केली की काही आठवड्यांत खडखडीत वाळते. पण पहिल्या पावसात तितक्याच पटकन ओलावते, आणि आपण ती उघड्यावर टाकतो. बाभूळ जाड, तिला वेळ लागतो. नुकत्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असतं. असं लाकूड चुलीत घातलं की बरीचशी आग ते पाणी उकळण्यात जाते, जाळ थंड पडतो आणि न जळलेला कोळसा-डांबर धुराच्या रूपानं तुमच्या छातीत येतं. म्हणून बाभूळ फोडून ठेवा, अख्खा ओंडका वाळत नाही. उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो तेव्हा ढलप्या खालून वारा जाईल अशा रचा. पावसाळ्यात वरून पत्रा टाका, बाजूनं ताडपत्री गुंडाळू नका, आतल्या आत कुजतं. पुढच्या हिवाळ्याचं सरपण या उन्हाळ्यात, असा हिशेब ठेवा. वाळलं की नाही ते ओळखायला मशीन लागत नाही. टोकाला भेगा पडलेल्या दिसतात, साल सुटते, आणि दोन लाकडं एकमेकांवर आपटली की ठण्णकन वाजतात. ओलं लाकूड ठस्स करतं.

पऱ्हाट्यांची गंजी घराच्या भिंतीला टेकवू नका. विंचवाला असली जागा फार आवडते. हातमोजे नसतील तर काठीनं आधी हलवून मगच हात घाला, मुलांना सरपण आणायला पाठवू नका. लाल विंचू चावला आणि घाम, उलटी, हातपाय गार पडणं सुरू झालं, तर मंत्र नको, दवाखाना. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून प्राझोसिन वापरून या विषावरचा उपचार जगाला दाखवला. हे आपल्याच मराठवाड्यातलं पोर, आणि आपण अजून विंचू उतरवणारा शोधतो. शिवाय गुलाबी बोंडअळीही पऱ्हाटीतल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामाची वाट बघते, म्हणून गंजी शेताच्या बांधावर नको, हे कृषी खात्यानं तुम्हाला सांगितलंच असेल.

चूल पेटवताना रॉकेल, पेट्रोल, प्लास्टिकची पिशवी, जुनी चप्पल यांतलं काहीही नको. प्लास्टिकचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा विषारी, आणि पेट्रोलचा भडका चेहऱ्यावर येतो. वाळल्या काटक्या, तुराटीचे तुकडे, त्यावर एक-दोन बारीक ढलप्या, बस. चुलीचं तोंड कोंबून भरू नका. जाळ खालून हवा मागतो. लाकडाखाली लोखंडी जाळी किंवा विटेचे दोन तुकडे ठेवून बघा, फुंकणी निम्म्यानं कमी लागेल. लाकूड एकदम आत न सारता टोक जळेल तसं पुढे ढकला. भांड्याच्या बुडाची काजळी हाच तुमचा रिपोर्ट समजा. रोज तव्याखाली जाड थर बसत असेल, तर तेवढाच थर आत कुठंतरी बसतोय.

१९८० च्या दशकात सरकारनं निर्धूर चुली वाटल्या होत्या, काही घरांत त्यांची नळी अजून भिंतीतून डोकावते. उतरवून बघितलं तर आत काजळीचं बूच आणि उंदराचं घरटं. धुराडं असेल तर महिन्यातून एकदा झाडा, नाहीतर तो धूर पुन्हा स्वयंपाकघरातच उतरतो. जमेल त्यानं चूल पडवीत, वर कौल असलेल्या उघड्या जागी न्यावी. तान्हं पोर पाठुंगळी बांधून भाकऱ्या थापू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा जास्त झाला, किंवा बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, तर तो न्यूमोनिया समजून त्याच दिवशी आणा. घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट मोजा, अंदाजानं नको.

पदर पेटला तर आधी जाळ विझवा, मग भाजलेल्या जागी २० मिनिटं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद-तेल लावून आलेला हात धुवायला मला अर्धा तास लागतो आणि तुम्हाला दुप्पट दुखतं. फोड फोडू नका. बर्फ नको.

आणि रात्री राख ओढून निखारे झाकायची सवय. सकाळी इस्तू मिळतो, खरं आहे. पण झाकलेला निखाराही रात्रभर तोच वायू सोडत असतो. ज्या खोलीत माणसं झोपतात तिथं झाकलेला इस्तूही नको. राख बाहेर टाकायची तर पाणी शिंपडून टाका. उकिरड्यावरच्या राखेत पाय घातलेली पोरं दर उन्हाळ्यात येतात. वरून गार दिसते, आत लाल असते.

ती बाळंतीण नंतर लस घ्यायला बाळाला घेऊन आली होती. आई सोबत होतीच. मी विचारलं, शेगडी? "आता ओसरीत ठेवली साहेब. बाज बी दिवसा उन्हात काढतो." मग जरा थांबून, हळूच, "पण रात्री ओव्याची धुरी मातर देतो, बाळाला. दार लावून. लईच गार असतं ना."

पुन्हा बसवलं दोघींना.