लिद्दरचे गढूळ पाणी आणि ट्राउट

प्रश्न : जूनमध्ये पहलगामला जाणार आहे. लिद्दर नदीत कृत्रिम माशीने ट्राउट गळाला लागेल काय?

उत्तर : कोलाहोई हिमनदीचे हिम वितळून लिद्दर जोवर दुथडी व गढूळ वाहते, तोवर भर प्रवाहात माशी टाकणे बहुधा व्यर्थच, कारण ट्राउट मुख्यत्वे दृष्टीच्या आधारे भक्ष्य टिपतो, आणि अशा वेळी धारेशी झुंजण्यात शक्ती न दवडता काठालगतच्या संथ पाण्यात, शिळांच्या आडोशाला विसावतो. म्हणून रात्रीच्या गारठ्याने हिमाचे वितळणे मंदावून पाणी किंचित उतरलेले असते अशा प्रातःकाळी, वजनदार, बुडणारी माशी आपण तेथेच सोडावी. तरंगत्या माशीचा खरा हंगाम, माझ्या मते, सप्टेंबरच्या नितळ पाण्याचा. मत्स्यखात्याचा परवाना मात्र अगोदर हस्तगत करावा. तो नदीच्या नेमून दिलेल्या टप्प्यापुरताच असतो.