अर्धा कोयता आणि मेसचं वरण

शाळेत मार्कांसाठी अलंकार पाठ केले आणि पेपर संपताच विसरलो, असे आपल्यापैकी बहुतेकांचे झाले असेल. इंजिनिअरिंगला मराठीचे काय काम, असे मलाही वाटायचे. पण एका रात्री मेसमध्ये वरणावरून वाद झाला आणि लक्षात आले, अलंकार तर आपण रोज जेवतो!

एकच वाटी घ्या. 'वरण पाण्यासारखं पातळ आहे' ही झाली उपमा. वरण हे उपमेय, पाणी उपमान, पातळपणा हा साधारण धर्म आणि 'सारखं' हा साम्यवाचक शब्द. 'वरण जणू पाणीच' म्हटले की उत्प्रेक्षा. 'हे वरण नाहीच, पाणी आहे' यात उपमेयच नाकारले, म्हणून अपन्हुती. आणि 'यात सूर मारला तर तळ लागायचा नाही' ही अतिशयोक्ती. मेसवाले मामा चारही अलंकार निमूटपणे ऐकून घेतात.

आपल्या विषयांतही हेच आहे. व्होल्टेज म्हणजे पाण्याचा दाब, रेझिस्टन्स म्हणजे अरुंद पाइप, असे आपण शिकतो. 'विद्युतप्रवाह' या शब्दात तर रूपक मुरलेलेच आहे. पण पाइप कापला तर पाणी सांडते, वायर कापली तर करंट थांबतो. म्हणजे तुलना कुठवर चालते, हेही माहीत हवे.

हे मला खरे कळले ते गावच्या एका शब्दावरून. माझे गाव दिंद्रुड, जिल्हा बीड. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. तिथे मोजणी माणसांची नाही, कोयत्यांची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. 'सारा गाव जमला' म्हणताना आपण घरे-रस्ते नव्हे, माणसे समजतो ना, तसेच हे. शब्दाचा सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घ्यायचा. साहित्यशास्त्रात याला लक्षणा म्हणतात.

पहिल्या वर्षी रूममेटने विचारले, "तुझ्या घरून कोण कोण जातं रे तोडीला?"

मी सहज म्हणालो, "एकच कोयता."

तो हसला, "मग बाकीचे ऊस हातानं मोडतात काय?"

सगळी रूम हसली. मला मात्र हसू आले नाही. माझ्याच बोलण्यातून आई आणि दादा दोघेही गायब झाले होते, हातातले हत्यार तेवढे उरले होते.

सुट्टीत आईला हे सांगितले. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अर्धा कोयता म्हंत्यात लेकरा. पर पहाटं उठून ह्या भाकरी कोण थापतंय, पाणी कोण आणतंय, ते कोण मोजतंय?"

वायरसारखीच ही तुलनाही एका जागी तुटते. ऊस तोडणारे हात ती मोजते, बाकीची बाई सोडून देते.

असो. मित्रहो, आपापल्या गावचे असे शब्द आठवा, वहीत लिहून ठेवा. प्रत्येकाला एवढेच विचारा, यानं काय दाखवलं आणि काय झाकलं?

आता कुणी तोच प्रश्न विचारला, तर मी सांगतो, "दोन माणसं जातात. आई आणि दादा."