वळवाची वीज: मोटारीचा स्टार्टर वाचवा



वीज लांबच्या तारेवर पडली तरी तिचा झटका वायरीतून वढूच्या नदीकाठच्या मोटारींपर्यंत येतो. मैलभर हवा फोडून येणाऱ्या विजेला स्विचमधली फट काय अडवणार? हॅम रेडिओवाले ढग दिसताच अँटेनाची वायरच काढून ठेवतात. आपणही तेच करायचं.

१) आभाळ भरून येताच, गडगडाटाआधी, मेन स्विच पाडा. कोरड्या हाताने फ्यूज काढा, मोबाईल स्टार्टरची पिनही काढा.
२) अर्थिंगची वायर तुटली नाही ना, आजच बघा.
३) पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप घ्या. २० ते ४० किमीतल्या विजेचा इशारा मिळतो.
४) गडगडाट ऐकू आला की पेटीकडे जाऊच नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा.

मोटार पुन्हा भरून मिळते, माणूस मिळत नाही.