स्वरभेद : हृदय, कंठ आणि जयपूर गायकी

भरताने नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भावांत ‘स्वरभेद’ गणला आहे. ऊर भरून आला की गळा दाटतो, ही मराठीचीही समजूत. रसचर्चेत स्वरभेद हे केवळ भावाचे चिन्ह मानले जाते. हृदय व कंठ यांना जोडणारी शरीरातील वाट सहसा विचारात घेतली जात नाही. स्वरयंत्राचा डावा मज्जातंतू छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेतो व पुन्हा गळ्यात येतो. हृदयाची द्विदल झडप अरुंद झालेल्या रुग्णांचा आवाज बसतो, हे १८९७ मध्ये नॉर्बर्ट ऑर्टनर याने नोंदविले. फुगलेला डावा कप्पा हा तंतू दाबतो, असे त्याला वाटले; पुढे हा दोष ताणलेल्या फुप्फुसधमनीकडेही गेला.

शस्त्रक्रियेत हा कंठ आणखी एका संकटात सापडतो. स्नायू शिथिल केल्यावर रुग्णाचा श्वास सर्वस्वी भूलतज्ज्ञाच्या हाती असतो. नळी स्वरतंतूंमधून जाईना, तर मास्कने श्वास देत कॅमेऱ्याचे उपकरण किंवा लवचीक दुर्बीण वापरतात. श्वास देणेच अशक्य झाले, तर गळ्याला पुढून छेद घ्यावा लागतो. हृदय-फुप्फुस यंत्रासाठी पुढे हेपॅरिन द्यावे लागत असल्याने एरवी क्षुल्लक ठरणारा ओरखडाही वाहत राहू शकतो.

जयपूर घराण्याच्या संदर्भात हे सारे निराळ्याच अर्थाने बोलके होते. उणियाऱ्यात जन्मलेल्या अल्लादिया खाँसाहेबांचा (१८५५–१९४६) आवाज आमलेटा दरबारी अतिगायनाने गेला आणि त्यातूनच त्यांची नवी पेचदार गायकी घडली, असे परंपरा सांगते. (नाव जयपूरचे असले, तरी ही गायकी रुजली ती कोल्हापूर-मुंबईत, केसरबाई व मोगूबाई यांच्या गळ्यात.) परंपरेच्या या कथेप्रमाणे खाँसाहेबांचा थकला होता तो गळा. तंतूच निकामी झाला, तर स्वरतंतू पुरते मिटत नाहीत, हवा निसटते आणि ज्या दमसासावर ही गायकी उभी आहे तोच तुटतो. म्हणून गायकाच्या बाबतीत शस्त्रक्रियेपूर्वीच स्वरयंत्र दुर्बिणीने पाहून ठेवणे अगत्याचे ठरते.

वैद्याची पहिली चिंता मात्र गाणे नसते. न मिटणाऱ्या स्वरतंतूंमधून पाणी श्वासनलिकेत उतरते व न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून आवाज घोगरा आढळताच अन्नपाणी देण्यापूर्वी गिळणे तपासतात. तंतू नुसताच ताणला गेला असेल, तर काही महिन्यांत आवाज सुधारू शकतो. एरवी निकामी स्वरतंतू मध्याकडे सरकवतात. त्याने बोलणे बरेचसे परत येते. तान येईलच असे नाही.